रात्रीचा पौना

हैदराबादेत चार वर्षे काढलेला माणूस ओळखण्याची एक सोपी खूण आहे. हॉटेलात बसल्यावर तो 'एक चहा' म्हणत नाही, 'एक पौना' म्हणतो. पौना म्हणजे पाऊण कप. मुंबईकराचे 'कटिंग' आणि आपल्याकडचा 'हाफ' ह्यांच्याहून ही जात वेगळी. अर्धा कप परवडतो पण पुरत नाही, पूर्ण कप पुरतो पण परवडत नाही, अशा माणसासाठी हा पाऊण कप कोणीतरी शोधून काढला असावा. तो कोणी का असेना, त्याला विद्यार्थ्यांच्या खिशाचे ज्ञान होते एवढे खास.

मी १९७९ साली धर्माबादेहून काचीगुड्याला आलो, तो मीटरगेजच्या गाडीने. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी एका दुकानात खतावणी लिहिणे, असा क्रम होता. दुकान सुटे ते साडेनऊला. ज्या खानावळीत माझे महिन्याचे पैसे भरलेले होते ती नऊला चूल विझवी. मालकीणबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण "नऊ म्हणजे नऊ" हे त्यांचे ब्रीद होते आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते खोटेही नव्हते. परिणाम एवढाच, की आठवड्यातील चार-पाच रात्री मी स्टेशनच्या रस्त्यावरील एका इराणी हॉटेलात जेवत असे. जेवत असे म्हणण्यापेक्षा भागवीत असे म्हणणे बरोबर. बन-मस्का, दोन छोटे कांद्याचे समोसे, पौना. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असलो तर खिमा आणि रोटी. दोन रुपयांच्या आत पोट शांत होई. माझ्या खोलीत राहणारा गुलबर्ग्याकडचा कन्नड मित्र कट्टर शाकाहारी. तो उस्मानिया बिस्किटे चहात बुडवून खात असे आणि त्यावरच रात्र काढी.

हे सारे आठवणींची जुडी सोडण्यासाठी लिहीत नाही. मला एक मुद्दा मांडायचा आहे. स्वस्त आणि उशिरापर्यंत मिळणारे अन्न हा शिक्षणाचा भाग आहे, चैनीचा नव्हे. आणि ज्या शहरातून ते नाहीसे होते त्या शहरात गरीब मुलगा शिकू शकत नाही, तो फक्त प्रवेश घेऊ शकतो.

काचीगुडा स्टेशनची इमारत १९१६ सालची. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान ह्यांच्या कारकीर्दीत ती उभी राहिली. व्हिन्सेंट एश ह्या इंग्रज वास्तुकाराने तिची रचना केली. हैदराबादचे हायकोर्ट आणि उस्मानिया रुग्णालय ह्याच गृहस्थाचे. निजामाच्या रेल्वेचे हे मुख्य ठाणे. इथून निघालेला मीटरगेजचा फाटा निजामाबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद करीत मनमाडला जाई. म्हणजे मराठवाड्यातून शिकायला निघालेल्या पोराच्या दृष्टीने हैदराबाद हे शहर चारमिनारपाशी सुरू होत नसे, काचीगुड्याला सुरू होत असे. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थान आणि पुढे राज्य एकत्र होते. मराठवाड्याचे पाच जिल्हे, बिदर-गुलबर्गा-रायचूर हे कन्नड जिल्हे आणि तेलंगण, ह्या सर्वांना विद्यापीठ म्हणजे १९१८ साली स्थापन झालेले एकच उस्मानिया. औरंगाबादेला विद्यापीठ १९५८ साली आले, गुलबर्ग्याला तर १९८० साली. राज्ये विभागली तरी माणसांच्या पायांची सवय एकदम जात नाही. सुलतान बाजार आणि काचीगुडा ह्या टापूत आजही मराठी आणि कन्नड कानावर पडते. काचीगुड्यातच कर्नाटक साहित्य मंदिर आहे, हे आपल्या कन्नड विभागातील मित्रांना सांगायला नको.

स्टेशन आले की रात्रीची भूक आली. रात्रीच्या गाडीचे उतारू, हमाल, रिक्षावाले, शेवटचा खेळ सुटल्यावर बाहेर पडणारे प्रेक्षक आणि माझ्यासारखे खतावणीवाले. हे गिऱ्हाईक मोठे नव्हे, पण नित्याचे. इराण्याने ते हेरले. यज्द आणि केरमान ह्या भागांतून आलेली ही माणसे. मुंबई-पुण्यातील इराण्यांत जरथुष्ट्री बरेच, हैदराबादेतील बहुतेक शिया मुसलमान. चौकातील कोपऱ्याची जागा आपले व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. खरे असेल तर अंधश्रद्धेने केलेले हे एकमेव सत्कार्य म्हणावे लागेल. कोपऱ्यामुळे दोन्ही रस्त्यांची वर्दळ मिळाली आणि दोन दारांतून वारा आला.

त्या चहाची युक्तीही सांगण्यासारखी आहे. चहापत्तीचा अर्क झाकणबंद भांड्यात मंद आचेवर मुरत ठेवलेला असतो. दूध वेगळ्या पातेल्यात आटत असते. मागणी आली की दोन्हींचा संगम कपात, आणि पंधरा-वीस सेकंदांत चहा टेबलावर. प्रत्येक कपाला नवे आधण नाही, नवा विस्तव नाही. बिस्किटे आणि पाव पुष्कळदा घरच्याच भट्टीतले. नफा एका कपामागे थोडा, पण कप रात्रंदिवस चालू. आपल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी परिव्यय लेखांकन शिकताना अशा एका हॉटेलात दोन तास बसावे. पाठ्यपुस्तकापेक्षा थोडे अधिकच हाती लागेल, आणि पौना वर.

आता माझ्या मते ह्या हॉटेलाचे सर्वांत मोठे कार्य कोणते, ते सांगतो. ते चहाचे नाही.

गरीब विद्यार्थ्याने शिकताना जेवायचे कोठे, हा आपल्याकडे फार जुना प्रश्न आहे. मराठीत त्याची उत्तरे म्हणजे माधुकरी आणि वार. सात घरी सात वार लावायचे आणि रोज एका घरी पानावर बसायचे. कन्नडमध्ये ह्यालाच 'वारान्न' म्हणतात. शब्दसुद्धा जुळा आहे. ह्या पद्धतीतून मोठमोठी माणसे शिकून गेली, तिच्याविषयी आपण कृतज्ञतेने बोलतो आणि बोलावेही. परंतु वार मिळे कोणाला? ज्याच्या जातीचा मुलगा यजमानाच्या स्वयंपाकघराजवळ बसू शके त्याला. बाकीच्यांना शिळे, तेही अंगणात, नाहीतर तेही नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उघडली ती ह्याच कारणाने. मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, अस्पृश्य, सर्वांच्या मुलांसाठी. त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे ह्या दलित गृहस्थाला कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तेथे जाऊन सर्वांदेखत चहा घेतला. राजाने चहा पिण्याला एवढा अर्थ यावा, ह्यावरून चहाच्या कपात त्या काळी काय काय विरघळलेले होते ते कळते. खेड्यांतून तर वेगळ्या कपाची चाल पुढेही कितीतरी वर्षे होती. माझ्या स्वतःच्या गावात छपराच्या वळचणीला अडकवलेले कप मी पाहिलेले आहेत. ते कोणाचे, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नसे.

इराण्याकडे ते कप नव्हते. संगमरवरी टेबल, त्याभोवती चार वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आणि जी खुर्ची रिकामी ती आपली. एकदा माझ्यासमोर आमच्याच गावचा, गावात आमच्या ओट्यावर कधी न चढलेला मुलगा येऊन बसला. तोही शिकायला आलेला. दोघेही क्षणभर गप्प. मग पोऱ्याने दोन पौने आणून आदळले, दोघांच्याही बश्यांत चहा सांडला आणि दोघेही हसलो. समता हा शब्द मी नागरिकशास्त्रात पाठ केला होता. तो टेबलावर सांडलेला पाहिला तो तेथे. इराण्याने हे काही सुधारणा म्हणून केले नाही, हेही कबूल केले पाहिजे. त्याला गिऱ्हाइकाची जात पुसण्यात रस नव्हता; गल्ल्याशी मतलब होता. पण आपल्या इतिहासात सद्हेतूने जे साधले नाही ते कधीकधी गल्ल्याने साधले आहे.

त्या टेबलावर भाषाही एकमेकींच्या बशीत सांडत. हैदराबादी माणूस 'नहीं चाहिए' म्हणत नाही, 'नक्को' म्हणतो. तो आपलाच 'नको'. जोर द्यायचा असेल तर 'वोहीच', 'ऐसाच'. तो 'च'सुद्धा आपलाच. होकाराचे 'हौ' ऐकून मला वाटे हा मराठी 'हो', आणि माझा कन्नड मित्र हट्टाने म्हणे, हा आमचा 'हौदु'. ह्या वादात किती पौने संपले ह्याचा हिशेब मी, खतावणीवाला असूनही, ठेवलेला नाही.

येथवर लिहिलेले वाचून कोणी म्हणेल, म्हातारा झाला की प्रत्येकाला आपले हॉटेल स्वर्ग वाटते. म्हणून आता त्या स्वर्गाच्या मोरीकडे वळतो.

तो पोऱ्या. दहा-अकरा वर्षांचा असेल. पहिले दोन महिने मी त्याच्याशी मोडक्या उर्दूत बोलत होतो. एका रात्री कप फुटला आणि त्याच्या तोंडून 'आई गं' निघाले. बिलोलीकडचा होता. १९७२ च्या दुष्काळात घरची जमीन गेलेली, बाप हैदराबादेत बांधकामावर, हा हॉटेलात. सकाळी पाचला उठे, रात्री एकला टेबलांखाली पोती अंथरून झोपे. मी बाराला पौना पीत अर्थशास्त्राच्या टिपणांवरून डोळे फिरवी, तेव्हा तो माझ्या उठण्याची वाट पाहत उभा असे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. माझा दोन रुपयांचा खर्च दोन रुपयांतच का भागत होता, ह्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग तो मुलगा होता. दूध आटवण्याची युक्ती, घरची भट्टी, कोपऱ्याची जागा हे सगळे खरे. पण परिव्ययाच्या पत्रकात एक रकाना कोरा होता, आणि तो कोरा होता म्हणून बेरीज एवढी लहान येत होती. एका गरिबाच्या शिक्षणाची सबसिडी दुसऱ्या गरिबाचे बालपण देत होते.

बालकामगार प्रतिबंधाचा कायदा १९८६ साली झाला, पण हॉटेले, ढाबे आणि चहाची दुकाने त्याच्या यादीत आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली वीस वर्षे आपण सर्वांनी त्याच हातांचा चहा घेतला. मी तर त्यातली बरीच वर्षे वर्गात कामगार कायदे शिकवीत होतो. त्या मुलाला मी अक्षरओळख करून द्यायला लागलो होतो, 'ग म भ न' पर्यंत आलो होतो. मग माझी परीक्षा आली. परीक्षेनंतर गेलो तर तो तेथे नव्हता. मालकाला विचारले, तो म्हणाला, "गया." बस्स.

म्हणून 'जुने ते सोने' ह्या चालीवर इराणी हॉटेलांविषयी लिहिणारांशी माझे जमत नाही. अलीकडे तर ह्या हळहळीचाही व्यापार झाला आहे. जुन्या खुर्च्यांच्या नकला करायच्या, भिंतीवर पिवळट छायाचित्रे लावायची आणि बन-मस्क्याला एवढी किंमत लावायची की ज्याच्यासाठी बन-मस्का जन्मला तो दारातूनच परत जावा. खरी हॉटेले मात्र एकेक करून मिटत आहेत. कोपऱ्याच्या जागेला आता सोन्याचा भाव आहे, वारसदार अनेक आहेत, आणि पहाटे पाचपासून गल्ल्यावर बसण्याची नव्या पिढीला हौस नाही. त्यांना दोष कसा द्यावा? आपलीही मुले आपल्या बापाचे नांगर धरायला परत गेली नाहीत.

परदेशातून आलेल्या माणसाने शहराच्या रात्रीची भूक सांभाळावी, हा प्रकार हैदराबादपुरता नाही. माझा एक मित्र १९८४ साली न्यूयॉर्कला शिकायला गेला. त्याच्या पत्रांत पहिले वर्षभर विद्यापीठापेक्षा एका ग्रीक माणसाच्या हॉटेलाचेच वर्णन अधिक होते. रात्री एकलाही उघडे, स्वस्त, आणि बसू देणारे. त्या शहरात अशी हॉटेले चालवणारांत ग्रीकांचा भरणा एवढा, की १९६३ साली कागदी कप विकणाऱ्या लेस्ली बक नावाच्या गृहस्थाने त्यांना खूष करण्यासाठी ग्रीक झेंड्याच्या निळ्या-पांढऱ्या रंगांत एक कप काढला, त्यावर 'आपली सेवा करण्यात आम्हांस आनंद आहे' अशा अर्थाचे वाक्य छापले, आणि तो कप पुढे साऱ्या शहराची खूण झाला. हा बक स्वतः ग्रीक नव्हे. चेकोस्लोव्हाकियातला, नाझींच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आलेला. निर्वासिताने स्थलांतरितासाठी काढलेल्या कपातून सारे शहर कॉफी पिऊ लागले.

मित्र शाकाहारी होता आणि उपाशी मरेल अशी त्याच्या आईला धास्ती होती. पण ग्रीक लोकांच्या धर्मात उपासाचे दिवस फार. ईस्टरच्या आधी कित्येक आठवडे मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे डाळींचे आणि शेंगदाण्यांचे नाही तरी घेवड्याच्या दाण्यांचे पदार्थ त्यांच्याकडे भरपूर. पांढऱ्या दाण्यांची 'फासोलादा' नावाची पातळ उसळ हे तर त्यांचे गरिबाघरचे राष्ट्रीय अन्नच. दह्यात काकडी आणि लसूण घालून करतात ते 'झाझिकी', मित्राने लिहिले, "आईला सांग, इथे काकडीची कोशिंबीर मिळते, फक्त दाण्याचे कूट घालायला हे विसरतात." उर्दूत ग्रीसला युनान म्हणतात, आणि चारमिनारजवळच्या युनानी दवाखान्यात औषध घेणाऱ्या हैदराबादकराला हे नाते नवे नाही. आणि आज आपल्या शहरात रात्री उभ्या सळईवर फिरणारा जो शवर्मा दिसतो, तो त्या लोकांच्या 'यीरोस'चा सख्खा भाऊ. 'यीरोस' म्हणजे फिरणारा, आणि 'शवर्मा'चे मूळ जो तुर्की शब्द त्याचाही अर्थ तोच. १९२२-२३ च्या सुमारास आशिया मायनरमधून बारा लाखांच्या आसपास निर्वासित ग्रीसमध्ये आले, त्यांनी आपल्याबरोबर आपले खाणे नेले. देश सुटलेला माणूस दुसऱ्याच्या देशात पहिले दुकान मांडतो ते बहुधा चुलीचे. भाषा येत नसली तरी चालते आणि रात्री जागण्याची त्याला सवय झालेलीच असते.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने मुंबईच्या बिगरनिवासी भागांतील मॉल आणि उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्यास मुभा दिली. एप्रिल २०२३ मध्ये तेलंगण शासनाने दुकानांना चोवीस तास उघडे राहण्याची परवानगी देणारा आदेश काढला. त्याचे वार्षिक शुल्क दहा हजार रुपये. पाहा कशी गंमत आहे. मॉलला दहा हजार म्हणजे एका दुपारची विजेची बिले नव्हेत. गाडीवर इडली विकणाऱ्या बाईला तो महिन्याचा संसार. रात्र उघडली खरी, पण दाराला तिकीट लावून उघडली. आणि शिट्टी वाजवत येणारा शिपाई पहिली काठी आपटतो ती गाडीवरच, काचेच्या दारावर नव्हे. रात्री अकरानंतर रस्त्यावर खाणारा तो टवाळ, मोटारीतून उतरून खाणारा तो नागरिक, अशी ही वाटणी आहे. रुग्णालयातील आया, सुरक्षारक्षक, घरोघर डबे पोचवणारे मोटारसायकलवाले तरुण आणि अर्धवेळ नोकरी करून शिकणारे आपले विद्यार्थी हे ह्या वाटणीत कोठे बसतात? डबे पोचवणाऱ्या मुलाची तर मला विशेष कीव येते. साऱ्या शहराचे जेवण त्याच्या पाठीवर, आणि त्याला बसून दोन घास खायला टेबल नाही.

आणखी एक गोष्ट मला पूर्वी दिसलीच नव्हती, ती माझ्या विद्यार्थिनींनी दाखवली. ज्या समतेचे मी वर एवढे गोडवे गायले, त्या टेबलावर रात्री एकही मुलगी नव्हती. दिवसा पडदा लावलेली 'फॅमिली रूम' होती. रात्री तीही रिकामी. मागच्या वर्षी वर्गात ही गोष्ट मी रंगवून सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून एकीने विचारले, "सर, दुकानात खतावणी लिहून मी साडेनऊला सुटले असते तर मी कोठे जेवले असते?" मला उत्तर देता आले नाही. खरे उत्तर असे, की ती उपाशी झोपली असती, किंवा तिला ती नोकरीच करू दिली नसती.

म्हणून माझी मागणी शहराकडे नंतर, आधी आपल्या घराकडे आहे. आपल्या महाविद्यालयाचे उपाहारगृह संध्याकाळी सहाला बंद होते, वसतिगृहाचे भोजनालय साडेआठला. ते रात्री अकरापर्यंत उघडे राहावे, परीक्षेच्या महिन्यात बारापर्यंत. पंचपक्वान्ने नकोत, उसळ, भाकरी किंवा जोळद रोट्टी, आणि चहा. रात्रपाळीला प्रौढ माणूस ठेवावा, त्याला रात्रपाळीचा पगार द्यावा, आणि त्यामुळे चहा दोन रुपयांनी महाग झाला तर तो महाग चहा मी तरी आनंदाने घेईन. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक आणि उपाहारगृह ह्यांच्या वेळा एकच असाव्यात, नाहीतर पुन्हा तेच टेबल आणि त्याच चार खुर्च्या. खर्चाचा अंदाज मी काढून ठेवला आहे. खतावणी लिहिलेली असल्यामुळे ह्या वेळी एकही रकाना कोरा सोडलेला नाही. विद्यार्थी परिषदेने तो माझ्याकडून नेऊन प्राचार्यांपुढे ठेवावा. मी दुपारी तीननंतर ग्रंथालयात असतो.